आराम : होय / नाही

आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि माझा एक नेम सुरू झाला. रोज सकाळी पावणेनऊला फोन. ती अमरावतीत, मी अकोल्यात. अंग बाहेर येतं हे तिने दोन वर्षं सगळ्यांपासून लपवलं होतं, आणि मी डॉक्टर असल्यामुळे माझ्यापासून जरा जास्तच. ऑपरेशन नीट पार पडलं. पहिले पंधरा दिवस मी रजा टाकून तिच्याजवळ राहिले, पुढचे आठ दिवस मावशी येऊन राहिली, मग मावशीही आपल्या घरी गेली. उरला तो फोन. मी विचारायचे, "आराम हाय ना?" ती म्हणायची, "आराम हाय." मी बरं म्हणून फोन ठेवायचे आणि कॉलेजला पळायचे. एक अक्षर इकडचं तिकडे न होता हा संवाद कित्येक दिवस चालला. त्या एका शब्दात माझी बारा वर्षांची नोकरी अडकून बसणार आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मी मेडिकल कॉलेजात शिकवते. विषय कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे ज्याच्या तासाला मुलं मागच्या बाकावर सर्जरीचं पुस्तक वाचत बसतात तो. बारा वर्षं मी असिस्टंट प्रोफेसर होते. माझ्यामागून चार वर्षांनी आलेला एक जण असोसिएट होऊन माझ्या रजेच्या अर्जावर शिफारस लिहायला लागला होता. त्याचा दोष नव्हता. त्याने पेपर छापले होते, संशोधन पद्धतीचा कोर्स वेळेत केला होता. मी दरवर्षी पुढच्या वर्षी करू म्हणत राहिले. शेवटी कार्यालयातल्या बाबूने माझी फाइल उघडून दाखवली आणि म्हणाला की मॅडम, हा एक कागद नाही, बाकी सगळं आहे. तो कागद म्हणजे त्या कोर्सचं प्रमाणपत्र.

प्रशिक्षण या शब्दाची मला चीड होती हे आधीच कबूल करते. बारा वर्षांत मी इतकी प्रशिक्षणं घेतली की कुठल्या हॉलमध्ये दुपारच्या जेवणात गुलाबजाम असतात हे मला पाठ झालं होतं. एक प्लास्टिकची फाइल, एक न उमटणारं पेन, पाहुण्यांना रोपटं, ग्रुप फोटो. आणि दीपप्रज्वलन. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ज्योत विझू नये म्हणून सगळे पंखे बंद करतात, आणि पन्नास डॉक्टर घामाने निथळत उभे राहून ती पेटण्याची वाट बघतात. एवढं झाल्यावर शिकायची इच्छा कुणाची राहणार?

पण हा कोर्स तसा नव्हता. आधी काही महिने ऑनलाइन धडे आणि परीक्षा. पहिल्या खेपेला मी नापास झाले. मुलांना मी आजवर बिनदिक्कत नापास करत आले होते. त्या दिवशी लॅपटॉप मिटला आणि घरात नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला पास झाले. मग अमरावतीत तीन दिवसांची कार्यशाळा. तिथे प्रत्येकाने स्वतःच्या एका अभ्यासाचा आराखडा आणि थोड्या लोकांवर केलेली त्याची छोटी तालीम, म्हणजे पायलट, मांडायची. तिसऱ्या दिवशी परीक्षकांना पटलं तर प्रमाणपत्र. नाही पटलं तर फाइल परत कपाटात.

विषय मी आईमुळेच घेतला होता. आमच्या भागात पिशवी काढलेल्या बाया पुष्कळ. ऑपरेशननंतर जड उचलू नका, वाकू नका, दीड-दोन महिने पडून राहा, असं आपण डॉक्टर मंडळी सांगतो. त्या पडून राहतात का? राहू दिलं जातं का? बार्शीटाकळी तालुक्यातलं एक गाव मी निवडलं. कापसाची वेचणी सुरू होती, म्हणजे घरात एकही हात रिकामा नसण्याचे दिवस. प्रश्नावली मूळ इंग्रजी. ती एकाने मराठीत केली, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत केली. दोन्ही इंग्रजी जुळल्या की भाषांतर बरोबर, अशी ही पद्धत आहे. इंग्रजी 'रेस्ट'चा मराठीत 'आराम' झाला आणि 'आराम'चा परत 'रेस्ट'. तंतोतंत जुळलं. प्रश्न क्रमांक सात : ऑपरेशननंतर आपल्याला आराम आहे का? होय / नाही.

मराठी मजकुरावरून शेवटचा हात मीच फिरवला होता. इथे माझी एक जुनी जखम सांगायला हवी. मी अमरावतीहून मुंबईला एमबीबीएसला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये म्हटलं, "मले पोळी नको." सगळं टेबल हसलं. कुणी दुष्टपणाने नाही, पण हसलं. पुढे दिवसभर जो तो मला "तुले काय पायजे" विचारत होता. दिवाळीपर्यंत मी माझी जीभ घासूनपुसून लख्ख केली. तेव्हापासून माझ्याकडे दोन भाषा आहेत, एक आईशी बोलायची आणि एक सही करायची. त्यांची गाठ पडू नये याची मी वीस वर्षं काळजी घेतली.

आता माझी लबाडी. कुठलीही प्रश्नावली गावात नेण्याआधी तशाच बायांवर करून बघायची असते, त्यांना प्रश्न कळतो का ते पाहायला. गाव तासाभरावर, गाडी मिळत नव्हती, मुदत जवळ आलेली. मी काय केलं, आमच्याच वॉर्डातल्या सिस्टर आणि प्रयोगशाळेतल्या दोघीजणी मिळून दहा जणींना जेवणाच्या सुट्टीत बसवलं. त्यांनी दहा मिनिटांत फॉर्म भरून दिले आणि डबे उघडले. आराखड्यात मी लिहिलं, "दहा स्त्रियांवर पूर्वचाचणी केली. कोणालाही प्रश्न समजण्यात अडचण आली नाही." यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्या स्त्रियाच होत्या. तरी ते वाक्य लिहून झाल्यावर मी तहान नसताना उठून पाणी प्यायले. त्या दिवसापासून छातीत जळजळ सुरू झाली ती सुरूच. मी स्वतःला गोळ्या लिहून दिल्या.

गावातली माहिती गोळा करायला तिथली आशाताई होती. घरोघरी जाऊन आरोग्याची कामं करणारी, माझ्याच वयाची, सायकलवर फिरणारी बाई. पहिले दोन दिवस मी तिच्यासोबत होते, बाकीची घरं तिने केली. दुसऱ्या दिवशी एका दारातून बाहेर पडताना ती म्हणाली, मॅडम, हे आराम आराम लिवून राहिलो आपन, पन... मी तिला तिथेच थांबवलं. ताई, बाई जे सांगेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, असं उभ्याउभ्याच समजावून सांगितलं. संशोधनातली तटस्थता की काय ती. ती सायकल घेऊन पुढच्या घराकडे निघाली. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता, त्यात मात्र ती काहीबाही लिहीत राहिली. तो रकाना कॉम्प्युटरमध्ये भरायचा नव्हता, म्हणून मी वाचला नाही.

निकाल पाहून मीच चकित झाले. जवळपास सगळ्यांनी 'होय'वर खूण केली होती. ऐन वेचणीत, मजुरी करणाऱ्या घरांत, बायांना ऑपरेशननंतर भरपूर आराम मिळत होता. आमचे विभागप्रमुख खूश झाले. आपण समजतो तशी परिस्थिती नाही, घरचे लोक काळजी घेतात, हे वेगळं आहे, छापून येईल, असं म्हणाले. मलाही गोड वाटलं. मनात कुठेतरी एक बाई म्हणत होती की असं कसं असेल, पण ती बाई व्याकरण सोडून बोलत होती, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हिरव्या पार्श्वभूमीवर सुरेख आलेख काढला आणि अमरावतीची गाडी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत भाषण पाठ झालं होतं.

कार्यशाळेतले मुख्य प्रशिक्षक पुण्याचे, निवृत्त प्राध्यापक होते. पांढऱ्या मिशा, साधा शर्ट, पायात चपला. आयोजकांनी समई पुढे आणली आणि पंखे बंद करायला माणूस उठला, तेव्हा ते म्हणाले की दिवा संध्याकाळी लावू, पंखे असू द्या, लोकांना ऐकू दे. माझ्या मनातला अर्धा राग तिथेच उतरला. पण दुपारी त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत जरा सरकून बसले.

"प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय वाटतो ते मला नको," ते म्हणाले. "तिने तो काय ऐकला ते विचारलंत का?"

मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि पान उलटलं.

राहायला अर्थातच आईकडे होते. पहिल्या दिवशी मावशीची मुलगी येऊन सगळी कामं करून गेली होती, त्यामुळे आई खाटेवर बसलेली मिळाली आणि मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. कार्यशाळा संपवून साडेपाचला मी फाटक उघडलं तर आई न्हाणीजवळ उकिडवी बसलेली, साडी खोचलेली, आणि पुढ्यात बुद्धविहारातला भलामोठा गंज, म्हणजे पातेलं. सकाळी त्यात सगळ्या वस्तीची खीर शिजली होती. त्याच्या बुडाला लागलेली खीर ती राखेने खसाखसा घासत होती.

मी ओरडलेच. सगळी वस्ती ऐकेल असं ओरडले. टाके कुठे घातलेत ते विसरली का, वाकायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं, आणि रोज फोनवर आराम हाय, आराम हाय म्हणते ते काय खोटं?

आईने हात थांबवला नाही. माझ्या ओरडण्याची तिला सवय आहे.

"आराम हाय म्हणूनच तं घासून राहिली," ती म्हणाली. "आराम नसता तं पडली असती ना."

खांद्याची पर्स मी खाली जमिनीवर ठेवली. आईला वाटलं मला चक्कर आली, म्हणून ती राखेच्या हातांनी उठायला लागली. तिला बस म्हटलं आणि मीही तिच्यासमोर पाटावर बसले.

आमच्याकडे आराम म्हणजे दुखणं हटणं. ताप उतरला की आराम पडला. गोळीने आराम आला. दवाखान्यातून आलेल्या माणसाला कुणीही भेटायला येतो तो दारातून हेच विचारतो, आराम हाय का? हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः रोज पावणेनऊला आईला याच अर्थाने विचारत होते. आणि नऊ वाजता कॉलेजच्या फाटकातून आत शिरले की तोच शब्द माझ्यासाठी दुसरा होत होता, पडून राहणं, विश्रांती, रेस्ट. त्या बायांनी 'होय' म्हटलं होतं, अगदी खरं म्हटलं होतं. दुखत नाही. म्हणून कामाला लागलो. माझ्या हिरव्या आलेखातली प्रत्येक 'होय' वावरात कापूस वेचत होती.

आईचे हात धुऊन पुसून तिला खाटेवर बसवलं आणि बॅगेतून फॉर्मचा गठ्ठा काढला. पहिल्यांदा मी शेऱ्याचा रकाना वाचला. आशाताईचं अक्षर बारीक आणि नेटकं. 'वेचणीला गेली होती, संध्याकाळी भेटली.' 'वावरात जाऊन फॉर्म भरला.' 'पाण्याची गुंडी डोक्यावर होती, उतरवून उत्तर दिले.' पान उलटावं तर पुढेही तेच. बाईने माझ्यासाठी सगळं लिहून ठेवलं होतं आणि मी तिला तटस्थता शिकवून आले होते.

तिला फोन लावला. दिवेलागणीची वेळ, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी विचारलं, ताई, तुम्हाला हे आधीच कळलं होतं ना?

"मॅडम, मले वाटलं तुमाले माईत असन," ती म्हणाली. "तुमी तं इकडच्याच ना."

मेसमधल्या टेबलाच्या हसण्याने जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. तिने टोमणा मारला नव्हता, हेच त्यात वाईट होतं. मी तिची माफी मागितली. ती संकोचली आणि म्हणाली की जाऊ द्या, दुधावर नजर ठेवाले पायजे, उद्या बोलू.

मग मी आईला सगळं सांगितलं. प्रश्न, सिस्टर, डबे, ते एकही शब्द खोटा नसलेलं वाक्य, छातीतली जळजळ. आईने अंगणवाडीत मदतनीस म्हणून हयात काढली, शिक्षण चौथी. सर्व्हेवाल्या बायांना तिने आयुष्यभर चहा पाजला आहे, त्यामुळे फॉर्म या वस्तूबद्दल तिला आदर नाही. ती म्हणाली, आराम हाय का, इसावा हाय का, हे इचारतेच कशाले? "सरळ इचार ना बाई, आपरेशन झाल्यावर कितव्या दिवशी वावरात गेली." मग ते वाक्य कार्यशाळेच्या न उमटणाऱ्या पेनाने लिहायला गेले, ते उमटेना, म्हणून आईच्या गॅस सिलिंडरच्या नोंदवहीतल्या पेन्सिलीने लिहून घेतलं.

खरी अडचण पुढे होती. उद्या तिसरा दिवस. मला दोन रस्ते दिसत होते. पहिला सोपा. आलेख काढून टाकायचा, शेऱ्यावरून नवा काढायचा, 'आराम' या शब्दाच्या स्थानिक अर्थाबद्दल एक हुशार वाक्य टाकायचं. लोक वा म्हणतील, प्रमाणपत्र मिळेल, फाइल हलेल. पण परीक्षकांपैकी कुणीतरी एक साधा प्रश्न विचारणारच, की पूर्वचाचणीत हे लक्षात कसं आलं नाही? तेव्हा एक तर खोटं बोलायचं, नाही तर सिस्टरांचे डबे उघडून दाखवायचे. आईने विचारलं की खरं सांगितलं तर काय होते? मी म्हटलं, नापास करतील. नापास झाली तर? पुन्हा द्यावं लागेल.

"मंग देजो," आई म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. मी तिच्या हातातली विळी काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी माझा नंबर चहानंतर पहिला होता. मी हिरवा आलेख तसाच ठेवला. पडद्यावर दाखवला, हा निष्कर्ष चुकीचा आहे असं म्हटलं, आणि का ते सांगायला लागले. सुरुवात शुद्ध मराठीत झाली. गंजापर्यंत आले आणि आईचं वाक्य शुद्ध करून सांगता येईना. आराम आहे म्हणूनच तर घासते आहे, असं म्हटलं तर त्यात काहीच उरत नव्हतं. मग मी ते जसंच्या तसं म्हटलं. हॉलमध्ये हशा पिकला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या भाषेवर लोक हसले आणि मला लागलं नाही, कारण ते हसणं आपल्या घरचं ऐकल्याचं होतं. हसणाऱ्यांत यवतमाळचे होते, वाशिमचे होते, आणि त्यातल्या दोघांनी तेवढ्यात आपापले फॉर्म उघडले होते.

मग पूर्वचाचणीचं सांगितलं. ते सांगताना कुणी हसलं नाही. दहा स्त्रिया म्हणजे आमच्या दहा सिस्टर आणि टेक्निशियन, आणि हे मी जाणूनबुजून असं लिहिलं, एवढं म्हणून थांबले. पुण्याच्या सरांनी चष्मा काढून पुसला.

"आता प्रश्न कसा विचाराल?" ते म्हणाले.

मी पेन्सिलीने लिहिलेला कागद काढला आणि वाचला. आपरेशन झाल्यावर कितव्या दिवशी वावरात गेली?

सरांनी तो फळ्यावर लिहून घेतला, दोन पावलं मागे सरकून बघितला आणि म्हणाले की चांगला आहे, भावना विचारत नाही, कृती विचारतो, मोजता येतो. फक्त वावर म्हणजे किती वावर, घरातल्या घरात की बाहेरसुद्धा? क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग मागून कुणीतरी सांगितलं की सर, वावर म्हणजे शेत. सगळा हॉल पुन्हा हसला आणि या वेळी सरही हसले. बायांच्या फिरण्यावावरण्याचा प्रश्न आहे असं त्यांनी धरलं होतं. बघा, म्हणाले, मीसुद्धा 'होय'वर खूण केली असती.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. प्रमाणपत्र आज मिळणार नाही. पूर्वचाचणी गावात करायची, पायलट पुन्हा करायचं, संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला पत्र लिहून खरं काय झालं ते कळवायचं, आणि सगळं त्यांना पाठवायचं.

"मुख्य अभ्यास सुरू झालेला नाही," ते म्हणाले. "म्हणजे अजून कुणाचं काही बिघडलेलं नाही."

कुणाचं काही बिघडलेलं नाही. हे वाक्य घेऊन मी जागेवर जाऊन बसले. फाइल अडली होती, तीन दिवसांची धावपळ फुकट गेली होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की शेजारच्या मॅडमनी विचारलं, झालं का पास? मी नाही म्हणाले आणि हसले. त्यांनी जरा काळजीने माझ्याकडे पाहिलं. दुपारच्या जेवणात मी तीनदा भात घेतला. गुलाबजामही होते. जळजळीची गोळी पर्समध्येच राहिली आणि ती राहिल्याचं रात्री अकोल्यात पर्स उपसताना लक्षात आलं.

विभागप्रमुखांना सांगायची धास्ती होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत उभी राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ टेबलावरची पेनं सरळ करत राहिले. मग म्हणाले की बरं झालं आत्ता कळलं, पुढच्या आठवड्यात एका परिषदेत मी हाच निष्कर्ष भाषणात सांगणार होतो. पूर्वचाचणीबद्दल बोलणी बसली, ती बसायलाच हवी होती. पत्रावर त्यांनी सही केली आणि गाडीही मिळवून दिली. हीच गाडी तेव्हा मिळाली असती तर, असा विचार मनात आला, पण खरं सांगायचं तर तेव्हा मी दोनदा विचारून सोडून दिलं होतं.

गावात गेले तेव्हा आशाताई फाट्यावर सायकल धरून उभी होती. आधी मी तिला प्रश्नावली वाचायला दिली आणि म्हटलं, यात काय चुकलं ते आता तुम्ही सांगा. तिने पेन काढलं. अर्ध्या तासात तिने पाच ठिकाणी खुणा केल्या, आणि एका ठिकाणी तर माझ्याच सहीच्या भाषेतल्या 'आपण' या शब्दाला, कारण बायांना त्यात आपण दोघी असं ऐकू येत होतं. मी एकही शब्द न बोलता लिहून घेतलं. एवढं गप्प बसणं मला कुठल्याही कोर्सने शिकवलं नव्हतं.

पहिल्याच घरी आईचा प्रश्नही अडला. हरभरा सोंगून, म्हणजे कापणी करून, आलेली एक बाई ओट्यावर बसली होती. कितव्या दिवशी वावरात गेली, असं विचारल्यावर ती बोटं मोजायला लागली, मग मोजणं सोडून म्हणाली, "दोन बाजार घरी होती. तिसऱ्या बाजाराच्या आधी गेली." दिवस कोण मोजतो, आठवडी बाजार मोजतात. आशाताईने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि फॉर्मवर 'दिवस' खोडून 'बाजार' लिहिलं. मी त्या बाईला विचारलं, एवढ्या लवकर कशाला गेल्या? ती म्हणाली की आराम होता ना मले. दोन बाजार म्हणजे दोन आठवडे, आणि आम्ही त्यांना सांगतो दीड-दोन महिने. दवाखान्यातून सुट्टी देताना आम्हीच तिला विचारलं असणार, आराम हाय का? आणि तिने हो म्हटल्यावर आम्हीच तिला घरी पाठवलं असणार. आता डिस्चार्जच्या कागदावर आम्ही कितव्या बाजारापर्यंत वावरात जायचं नाही तेच लिहून देतो, पण ते पुढचं झालं.

प्रमाणपत्र मार्चमध्ये आलं, ईमेलवर, एका साध्या सकाळी. पीडीएफ उघडली, माझं नाव बरोबर लिहिलं आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि कार्यालयातल्या बाबूला पाठवून दिली. त्याने अंगठा उंचावलेलं चित्र पाठवलं. बारा वर्षांचं ओझं उतरायला एवढंच लागलं. मी खुर्चीत बसून थोडी रडले, कुणी नव्हतं म्हणून. पावणेनऊ वाजले होते. आईला फोन लावला आणि तिच्या तब्येतीचं विचारायच्या आधीच प्रमाणपत्राचं सांगून टाकलं.

तिला प्रमाणपत्रापेक्षा माझ्या जळजळीची जास्त काळजी होती.

"तुले आराम हाय का आता?" तिने विचारलं.

मी हाय म्हटलं.

"मंग काय करून राहिली?"

"बार्शीटाकळीले चालली," मी म्हटलं. "खरा अभ्यास आजपासून हाय. गाडी खाली उभी हाय."

"म्हणजे आराम हाय," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.